तिसरी खूण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आत्याने कार्यशाळेचे शटर कमरेपर्यंत उचलले, वाकून ती आत शिरली, क्षणभर उभी राहिली आणि मग आतून ते पूर्ण वर ढकलले. महिन्याभरापूर्वीपर्यंत हे काम एका दमात होत असे. मधला थांबा नवा होता. तो कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या वेळी ती चष्मा पुसत असे. दिवा लावून तिने भिंतीवरच्या खुंट्यांवरून तीन सळया उतरवल्या. पोलादी, कमरेइतक्या उंच, एक टोक बोथट आणि दुसऱ्या टोकावर पेल्याच्या बुडाएवढी लाकडी वाटी. बोथट टोक रस्त्यावर टेकवायचे, वाटीला कान लावायचा आणि खाली पुरलेली नळी नेमकी कुठे गळते आहे ते ऐकायचे. पाच पिढ्या हे घर याच कामावर जगले होते. आत्याने वाट्या कोरड्या फडक्याने पुसल्या, कारण धूळ राहिली तर आवाज घोगरा येतो. मग मोजफीत, वही आणि तीन रंगांच्या खडूंचा डबा पिशवीत टाकला. वरच्या मजल्यावरून पाव भाजल्याचा वास येत होता आणि बाहेर धाकटा चालू न होणाऱ्या गाडीशी भांडत होता.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, वय वर्षे अठ्ठेचाळीस. त्याच्या मागून घरात त्याचीच मुलगी जन्मली, वाढली, कामाला लागली, तरी त्याचे नाव काही बदलले नव्हते.

निघण्यापूर्वी आणखी एक काम असे. प्रत्येक सळई जिवंत माणसावर तपासायची. छातीचा ठोका स्वच्छ ऐकू आला तर सळई नेण्याजोगी, नाहीतर खुंटीवर परत. हा मान रोज धाकट्याचा असे. लहानपणी त्याचे दोन्ही कान फुटले होते; बोलणे ऐकू येई, पण बारीक आवाज नाही, त्यामुळे ऐकण्याच्या कामात तो नव्हता. तो फीत धरी, वही लिही आणि खणे. "कान नाहीत, पण छाती एक नंबर आहे," असे आत्या त्याच्या देखत सांगत असे.

आज धाकटा बाहेर गाडीत अडकला होता. म्हणून त्याच्या मुलीने आजूबाजूला दुसरी छाती शोधली. ती तेवीस वर्षांची होती. लहान चण आणि अखंड बडबड यांमुळे घरात तिला चिमणीच म्हणत. समोर फक्त आत्या होती, तीही स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत खाली वाकलेली. चिमणीने सळई तिच्या पाठीवर टेकवली.

"आत्या, हलू नकोस."

"नाडी बांधतेय गं."

"मग श्वास न घेता बांध."

चिमणी नेहमी दोन ठोक्यांत समाधानी होई. आज तिने दहा मोजले. सळई दोन बोटे डावीकडे सरकवली, पुन्हा ऐकले. दुसरी सळई घेतली, पुन्हा ऐकले.

"आत्या," ती शेवटी म्हणाली, "तू गळतेयस."

आत्या हसली, आणि हसता हसता तिला तो कोरडा खोकला आला. "काहीतरीच काय."

"शप्पथ. सूऽऽ असा. ठोक्याबरोबर चढतो आणि उतरतो. चौकातल्या मोठ्या नळीला भोक पडलं होतं ना, अगदी तसा."

वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि घरात दुखण्याखुपण्यातला शेवटचा शब्द तिचा असे. तिने ट्रे बाकावर ठेवला आणि एका कपात साखर घालायला सुरुवात केली.

"आई," चिमणी म्हणाली, "तुला काहीतरी माहितीय."

"मला काय माहिती असणार?"

"तू आत्याच्या चहात साखर घालतेयस. तिसरा चमचा. आत्या बिनसाखरेचा पिते."

वहिनीने चमचा खाली ठेवला. बारा दिवस तिने हे गुपित सांभाळले होते आणि ते असे एका चमच्यापायी फुटले याची तिला शरम वाटली, आणि त्याहून अधिक सुटल्यासारखे वाटले. "ताई, सांगू?" तिने विचारले, पण तोवर धाकटा हात पुसत आत आला होता.

सांगावेच लागले. खोकला जाईना म्हणून आत्याने वहिनीला घेऊन गुपचूप स्कॅन काढला होता. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, पाठीच्या कण्याला लागून, लिंबाएवढे काहीतरी होते. पाण्याची पिशवी असावी असे अहवालात लिहिले होते. उद्या, मंगळवारी, पाठीतून सुई घालून ते पाणी काढून तपासायचे होते.

"बारा दिवस!" धाकटा बायकोला म्हणाला. "बारा दिवस तू माझ्या शेजारी झोपतेस, आणि एक शब्द नाही?"

"ताईंनी शपथ घातली होती."

"आणि मी कोण? मी या घरात फक्त खड्डे खणायला आहे का?"

"हो," आत्या शांतपणे म्हणाली, "आणि ते तू उत्तम खणतोस. म्हणून सांगितलं नाही. तू लगेच खणायला घेतलं असतंस."

धाकट्याला हसू आले आणि त्याचाच त्याला राग आला. "ठीक आहे. मग नियमाने होऊ दे. एका कानावर ठरवायचं नाही. तीन कान, तीन खुणा. बाबांना उठवा."

या घराचा नियम होता की तिघांनी वेगवेगळे ऐकायचे, प्रत्येकाने खडूने खूण करायची, फितीवरचे अंतर वहीत टिपून खूण पुसायची आणि मगच पुढच्याला बोलवायचे. तिन्ही अंतरे जुळली तरच रस्ता फोडायचा. पाणीखात्याचा या घरावर विश्वास होता तो याच तीन खुणांमुळे. आणि त्यातली तिसरी खूण गेली सहा वर्षे खोटी आहे, हे फक्त आत्याला माहीत होते. तिच्या वडिलांना, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांना, आता दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नसे. ते शेवटी ऐकायला येत, तेव्हा आत्या सहज म्हणून फितीशेजारी उभी राही आणि उजव्या पायाचा अंगठा आपल्या खुणेच्या जागेकडे वळवून ठेवी. म्हातारा कोट डोक्यावरून पांघरून सळईवर वाके आणि बरोबर तिथेच निळी रेघ ओढे. त्यांचा मान राहावा म्हणून तिने हे सुरू केले होते. आज मात्र नळी ती स्वतःच होती, आणि तिच्या पाठीला पाय नव्हते.

"बाबांना कशाला त्रास?" ती म्हणाली.

पण चिमणी जिन्यावरून धावत वर गेलीही होती.

पहिली खूण चिमणीची. वहिनीने खांद्याच्या शिवणीपासून बोटे मोजून टिपली आणि पांढरा खडू झटकला. दुसरी धाकट्याची. त्याने दोन्ही डोळे मिटून, चेहरा लाल होईपर्यंत ऐकले आणि कमरेच्या वर पिवळा गोल काढला.

"अरे, तिथे माझा नाश्ता आहे," आत्या म्हणाली.

"नियम नियम आहे," धाकटा म्हणाला. "मला तिथे ऐकू आलं."

"ते अंडं असेल," वहिनी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळे मोकळेपणाने हसले.

आजोबा झोपेच्या कपड्यांतच खाली आले होते. त्यांनी सळई घेतली, मग इकडे तिकडे पाहिले. "माझा कोट?"

"घरात कसला कोट, आजोबा? वारा आहे का इथे?" चिमणी त्यांच्या तोंडासमोर मोठ्याने म्हणाली.

आजोबा थोडे घुटमळले. मग त्यांनी सळईचे बोथट टोक लेकीच्या पाठीवर टेकवले, लाकडी वाटीची कड दातांत धरली आणि डोळे मिटले.

"आजोबा!" चिमणी किंचाळली. "तुम्ही सळई खाताय?"

आजोबांनी एक बोट वर करून तिला गप्प केले. सळई इंचाइंचाने सरकली. मग त्यांनी निळी रेघ ओढली, वाटीची कड बाहीने पुसली आणि म्हणाले, "कान गेले. दात आहेत. हाडातून येतो आवाज. कोट कशासाठी घेतो वाटलं तुम्हाला? भर रस्त्यात लोकांनी बघावं का मला सळई चावताना?"

वहिनीने बोटे मोजली आणि पुसलेल्या दोन्ही खुणा वहीवरून पुन्हा काढल्या. निळी आणि पांढरी यांत एका बोटाचे अंतर होते.

आत्याने मान वळवून वडिलांकडे पाहिले. योगायोग, तिने मनाशी म्हटले. पाठ ती केवढीशी असते.

*

छातीच्या डॉक्टरांची खोली दोन माणसांसाठी केलेली होती. त्यात पाच जण घुसल्यावर धाकट्याला वजनकाट्यावर उभे राहावे लागले, आणि काटा तो जरा हलला की टकटक करी. आजोबा तपासणीच्या पलंगावर बसले होते. तरुण डॉक्टरांनी आत्याच्या सदऱ्याकडे पाहिले.

"हे पाठीवर काय आहे?"

"खुणा," आत्या म्हणाली.

"कसल्या?"

"गळतीच्या. पिवळी सोडून द्या, ती भावाची आहे. डॉक्टर, मी चाळीस वर्षं एकच प्रश्न विचारत आलेय, तो तुम्हाला विचारते. आत जे आहे ते साचलेलं आहे की वाहतं?"

"पाण्याची पिशवी म्हणजे साचलेलंच म्हणायचं. म्हणून तर सुई..."

"साचलेलं पाणी आवाज करत नाही."

डॉक्टर काही बोलणार होते, पण त्यांनी स्टेथोस्कोप कानांना लावला आणि तो निळ्या व पांढऱ्या खडूच्या मध्ये ठेवला. खोलीत सगळ्यांनी श्वास रोखला. धाकट्याचा काटासुद्धा थांबला. फक्त आजोबांना शांतता झाल्याचे कळले नाही. ते पलंगाची गादी चाचपत खणखणीत आवाजात म्हणाले, "चांगलं रेक्झिन आहे हो! कुठून घेतलंत?"

डॉक्टरांनी फार वेळ ऐकले. मग त्यांनी स्टेथोस्कोप उतरवून टेबलावर ठेवला, फोन उचलला आणि दोन वाक्यांत उद्याची सुई रद्द केली. "आज दुपारी रंगाचं औषध शिरेतून देऊन पुन्हा स्कॅन काढू," ते आत्याला म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पहिला स्कॅन औषधाशिवायचा होता, त्यात रक्त आणि पाणी सारखंच दिसू शकतं. मी तुम्हाला तपासलं, पण या जागी कान दिला नाही. उद्या सुई गेली असती तर..."

"तर?" धाकटा काट्यावरून उतरला.

"खाली बस," आत्या म्हणाली. बसायला जागा नव्हती, म्हणून तो पुन्हा काट्यावर चढला. ती डॉक्टरांकडे वळली. "आमच्या पणजोबांनी एकदा एका कानावर विसंबून कुदळ मारली होती. ती थेट मोठ्या नळीत. शेजारी बेकरी होती. तासाभरात रस्त्यावर पाव पोहत होते. मुलं टोपल्या घेऊन पाव धरत होती. तेव्हापासून आमचा तीन कानांचा नियम आहे. तुमचा मोजला तर आता तीन झाले."

डॉक्टर हसले. त्या हसण्यात जी कृतज्ञता होती ती वहिनीच्या नजरेतून सुटली नाही.

*

ज्या मंगळवारी सुई टोचायची होती, त्या मंगळवारी ते सगळे शल्यविशारदांच्या खोलीत होते. या बाई उंच, करड्या केसांच्या आणि मोजके बोलणाऱ्या होत्या. पडद्यावर आत्याच्या छातीचा आडवा छेद होता आणि त्यात कण्याशेजारी एक पांढराशुभ्र गोळा दिवा लावल्यासारखा उजळला होता.

"औषध इथे धावत आलंय," बाई म्हणाल्या. "म्हणजे ही पिशवी नाही. ही रक्तवाहिन्यांचीच गाठ आहे. हिमॅन्जिओमा म्हणतात. छातीत या जागी फार क्वचित होते. माझ्या पंचवीस वर्षांतली ही दुसरी. दिसतेय ती साधी, म्हणजे कर्करोगाची वाटत नाही. पण खात्री ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच. सध्या ती श्वासनलिकेला बाजूने रेटतेय. तुमचा खोकला त्याचा आहे."

वहिनीने न कळत आत्याचा हात धरला. बारा दिवस ज्या शब्दाला ती घाबरत होती तो उच्चारला गेला होता, आणि त्याच्या पुढे 'वाटत नाही' होते. तिला एकदम इतके हलके वाटले की समोरच्या पेपरवेटचेसुद्धा आभार मानावेत.

"काढताना रक्त?" धाकट्याने विचारले.

"तोच धोका. म्हणून गुरुवारी आधी मांडीच्या धमनीतून एक बारीक नळी वर न्यायची, गाठीला रक्त पुरवणाऱ्या शाखा शोधायच्या आणि तारेची इवलीशी वेटोळी सोडून त्या बुजवायच्या. शुक्रवारी सकाळी काढायची."

धाकट्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आधी वाल बंद, मग फोडकाम!"

"हो, तसंच."

"शाखा किती इंची?"

"अहो," वहिनी म्हणाली.

"विचारू दे," बाई म्हणाल्या. "दोन-तीन मिलिमीटर. फक्त एक शाखा मज्जारज्जूकडे जाते. ती आधी ओळखायची आणि तिला हात लावायचा नाही. ती चुकून बुजली तर पाय जाऊ शकतात."

"शेजाऱ्याची लाइन," चिमणी गंभीरपणे म्हणाली.

"अगदी बरोबर. तुम्हाला समजावणं सोपं आहे," बाई म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या. "या आठवड्यात नाही जमलं तर माझी पुढची तारीख दीड महिन्याने. तोवर गाठ थांबेलही किंवा वाढेलही. मला विचाराल तर थांबू नका. पण निर्णय तुमचा."

आत्या उठली. "दीड महिन्यानंतरची द्या," ती म्हणाली. "शुक्रवारी माझं काम आहे."

*

बाहेरच्या लांब मार्गिकेत, जिथे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर माणसे आपापले अहवाल मांडीवर घेऊन बसली होती, तिथे या घरातले युद्ध दबक्या आवाजात झाले.

"शाळेपुढच्या रस्त्याचं काम," आत्या म्हणाली. "खात्याने शुक्रवारी पहाटे दोन तास वाहतूक बंद ठेवलीय. एकदाच. नळी शाळेच्या भिंतीखालून जाते. जागा चुकली तर भिंत जाईल. तीन खुणा पाहिजेत."

"गेली खड्ड्यात शाळा!" धाकटा म्हणाला.

"खड्ड्यात जाऊ नये म्हणूनच म्हणतेय."

"ताई, मी इतके दिवस तुमच्या बाजूने होते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. त्यामुळे तो आत्याला अधिक लागला. "शपथ पाळली, नवऱ्याशी खोटं बोलले. आता नाही. आता मी यांच्या बाजूला." ती खरोखरच उठून धाकट्याशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. धाकट्याने विजयी मुद्रेने तिला जागा करून दिली.

"चिमणे?" आत्या म्हणाली.

"मी आईबाबांकडे," चिमणी म्हणाली आणि तीही उठली. "सॉरी, आत्या. तू गळतेयस गं."

आत्याच्या बाजूला आजोबा तेवढे उरले, तेही त्यांना काही ऐकू न आल्यामुळे. गुडघ्यांमध्ये त्यांनी सळई धरली होती. रुग्णालयात ती चालणार नाही असे दारावरच्या माणसाने सांगितले होते, तेव्हा तीच काठीसारखी टेकत ते लंगडत आत आले होते.

आत्या त्यांच्याकडे सरकली आणि त्यांना ओठ दिसतील अशी बसली. या तिघांना खरे कारण सांगता येत नव्हते. ज्यांच्यापासून ते लपवले होते त्यांनाच सांगणे भाग होते.

"बाबा, मी नसले तर शुक्रवारी तुमची खूण कशी जमेल?"

"का नाही जमणार?"

ती जमिनीकडे पाहू लागली. मग तिने हळूच उजवा पाय पुढे केला आणि अंगठा वळवून दाखवला.

आजोबांनी त्या पायाकडे पाहिले. त्यांचे खांदे हलू लागले. आत्याला वाटले ते रडत आहेत. ते हसत होते.

"सहा वर्षं," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना कळत नसल्याने अख्ख्या मार्गिकेला ऐकू गेले. "सहा वर्षं ही पाय वाकडा करून उभी राहते! मी म्हटलं बूट चावत असेल."

"हळू, बाबा."

"मग कळलं मला. म्हटलं राहू दे. पोरीला बरं वाटतंय."

"म्हणजे तुम्ही माझा पाय बघून..."

"तुझ्या पायावर रस्ते फोडले असते का मी? बेकरीच्या मागचं काम आठव. तुझा पाय कुठे होता आणि मी रेघ कुठे ओढली? हातभर लांब. खात्याने पुन्हा ऐकायला लावलं. पाणी कुठे निघालं?"

आत्याला आठवले. पाणी निळ्या रेघेखाली निघाले होते. बापाला आपला अंगठा नीट दिसला नसेल, असे तिने तेव्हा समजून घेतले होते. पुलाजवळ तसेच झाले होते. दवाखान्याच्या फाटकाशीही. तीनदा ते तिच्यापासून हटले होते आणि तीनदाही ते बरोबर होते, आणि तिन्ही वेळा तिने दैवाचे आभार मानले होते.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सहा वर्षांची ती सगळी चोरटी दया, ती पहाटेची लाज, पाणीखात्याच्या साहेबांच्या नजरेला नजर न देणे, सगळे एकाएकी इतके हास्यास्पद झाले की तिला हसू आवरेना. हसण्यातून खोकला, खोकल्यातून पुन्हा हसू. समोरच्या खुर्च्यांवरची माणसेही कारण न कळता हसू लागली.

"काय झालं? काय झालं?" धाकटा धावत आला.

"तरी दोनच," आत्या डोळे पुसत म्हणाली. "चिमणी आणि बाबा. तिसरा कान कुठून आणू?"

आजोबांनी हे तिच्या ओठांवरून वाचले. त्यांनी सळई धाकट्याच्या हातात दिली. "चाव," ते म्हणाले.

"बाबा, इथे?"

"कान फुटलेत. दात फुटलेत का?"

धाकट्याने सगळीकडे पाहिले. मग बहिणीला भिंतीकडे तोंड करून बसवले, सळई तिच्या पाठीवर टेकवली आणि वाटीची कड दातांत धरली. प्रथम त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचेच कष्ट दिसले. मग ते गेले. त्याने सळई थोडी वर नेली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वर. वहिनीने लग्नाच्या पंचवीस वर्षांत त्याला इतके स्तब्ध पाहिले नव्हते. तीस वर्षे त्याने इतरांच्या ऐकण्यावर खणले होते. जमिनीखाली काहीतरी बोलते, हे त्याने घरच्यांच्या शब्दावर मान्य केले होते.

"सूऽऽ," तो सळई तोंडातून न काढता म्हणाला. "थूऽऽ करतंय!"

"वरती की खाली?" चिमणी त्याच्या कानाशी ओरडली.

त्याने खिशातून पिवळा खडू काढून रेघ ओढली. वहिनीने शिवणीपासून मोजले. ती चिमणीच्या आणि आजोबांच्या खुणांपासून एका बोटात होती.

"ताई!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि दातांत अजून सळई होती. "ताई, तू केवढी गळतेयस गं!"

"अहो, काय चाललंय इथे?" एक परिचारिका दारातून म्हणाली. "ते तोंडातून काढा आधी."

आत्या उठली. तिने सदरा सारखा केला आणि सगळ्यांकडे पाहिले. खडूने माखलेली, डोळे ओले झालेली, आनंदाने वेडावलेली ही तिची माणसे. शल्यविशारदांच्या खोलीचे दार तिने टकटक केले आणि ती आत गेली. वहिनीने दाराच्या फटीतून पाहिले. आत्या उभ्यानेच संमतीपत्रावर सही करत होती.

*

गुरुवारी, पडद्यावर आपल्याच छातीतले काळे झाड पाहत आत्या दीड तास पाठीवर पडून होती. फक्त जांघेपुरती भूल दिलेली होती, त्यामुळे तिला सगळे दिसत होते. बारीक नळी वर चढली, एकेका फांदीच्या तोंडाशी थांबली, आणि फांदी पुसली गेली. कण्याकडे जाणारी फांदी मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. तीन फांद्या गेल्यावर वाल बंद करणाऱ्या डॉक्टरांना ती म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा. आमच्याकडे नोकरी हवी असेल तर सांगा."

संध्याकाळी चिमणीने सळई लपवून आणली. आत्याला पाठीवर झोपून राहायला सांगितले होते, म्हणून तिने छातीवर पुढून ऐकले, बराच वेळ.

"बंद," ती म्हणाली. "तू आता गळत नाहीस."

"उद्या इथे कुणी बसायचं नाही," आत्या म्हणाली. "वहिनी असेल. तुम्ही तिघे रस्त्यावर. आधी तू, मग धाकटा, बाबा शेवटी. फीत कुणाला तरी धरायला लाव. खात्याच्या साहेबांना सांग, तीन खुणा मिळतील. खऱ्या."

"खऱ्या म्हणजे?"

"म्हणजे तीन."

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आत्याला घेऊन चाकांचे स्ट्रेचर मार्गिकेतून निघाले. वहिनी दारापर्यंत शेजारून चालली. तिथे तिने पांघरूण सारखे केले. एव्हाना शाळेपुढे वाहतूक थांबली असेल, आत्याने हिशेब केला. चिमणी गुडघ्यांवर बसली असेल. धाकटा दात घासून आला असेल.

आतल्या परिचारिकेने पायांकडचे पांघरूण उचलले. "पाय असा वाकडा का ठेवता? दुखतोय का?"

"नाही," आत्या म्हणाली. "सवय आहे."

आणि तिने तो सरळ करून डाव्या पायाशेजारी ठेवला.